लुसी हॉब्स टेलर : प्रवेश नाकारला, पण शिकणं थांबलं नाही



प्रवेशाचे दिवस आले की आपल्या सगळ्यांच्या घरात एकच विषय असतो. कट-ऑफ किती लागला, कॅप राऊंडला नाव लागलं का, पुढच्या यादीत तरी येईल का. गेल्या आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी आईला घेऊन घरी आली होती. बीडीएस झाली आहे. पुढे एमडीएस करायचं आहे, आणि तेही हिरड्यांच्या विकारांच्या शाखेत, म्हणजे पेरिओडॉन्टॉलॉजीत. परीक्षा दिली, फॉर्म भरले, पण यंदा जागा मिळाली नाही. मुलगी शांत होती. आई मात्र सारखी म्हणत होती, की बाई, आता हिचं सगळं वर्ष फुकट गेलं.

मी त्या दोघींना चहा दिला आणि एका बाईंची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते. या बाईंचं नाव लुसी हॉब्स टेलर. दंतवैद्यकाच्या कॉलेजातून रीतसर पदवी मिळवणारी ही जगातली पहिली स्त्री. आणि शिक्षकांनो, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. दाताची डॉक्टर होण्यापूर्वी ही बाई तुमच्या-माझ्यासारखी दहा वर्षं शाळेत शिकवत होती.

जन्म आणि बालपण

लुसी हॉब्स यांचा जन्म १४ मार्च १८३३ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात झाला. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारतींचं शहर येतं. हा भाग तसा नव्हे. राज्याच्या अगदी उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेजवळचा हा खेड्यापाड्यांचा प्रदेश. दहा भावंडांत लुसीचा नंबर सातवा. ती दहा वर्षांची असताना आई वारली. बाराव्या वर्षी तिला मॅलोन या गावातल्या फ्रँकलिन अकॅडमी नावाच्या निवासी शाळेत घातलं.

आईविना वाढणारी मुलगी लवकर शहाणी होते, असं आपल्याकडे म्हणतात. लुसी लहान वयातच शिवणकाम शिकली आणि त्यावर चार पैसे मिळवू लागली. हे शिवणकाम लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

शाळेतल्या बाई

१८४९ मध्ये शिक्षण संपवून लुसी शिक्षिका झाल्या. मिशिगन राज्यातील ब्रुकलिन या छोट्या गावात त्यांनी जवळजवळ दहा वर्षं शिकवलं. त्या काळी शिकलेल्या मुलीला सभ्य म्हणावी अशी नोकरी एकच, शाळेतली. म्हणून मीही इथून पुढे त्यांना लुसीबाई म्हणणार आहे. आपल्या मुलांनाही हे नाव जवळचं वाटेल.

ब्रुकलिनमध्ये त्यांना वैद्यकाची गोडी लागली. गावातल्या एका डॉक्टरांकडे त्या शाळा सांभाळून शरीरशास्त्र शिकू लागल्या. आपल्यातले किती तरी शिक्षक नोकरी करता करता एम.ए. करतात, सेट-नेटचा अभ्यास करतात. तसंच समजा. फरक इतकाच, की लुसीबाईंच्या अभ्यासाच्या शेवटी परीक्षा देता येईल अशी कुठलीच सोय त्यांच्या गावात नव्हती.

पहिला अर्ज, पहिला नकार

१८५९ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, लुसीबाईंनी शाळा सोडली आणि ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहर गाठलं. तिथल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात, इक्लेक्टिक मेडिकल कॉलेजात, त्यांनी प्रवेश मागितला. उत्तर आलं, नाही. कारण एकच, अर्ज करणारी स्त्री आहे.

इथे थोडं थांबून त्या काळाचा विचार करा. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांना १८४९ मध्ये वैद्यकाची पदवी मिळाली होती. १८५० मध्ये फिलाडेल्फियाला खास स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघालं होतं. याच कॉलेजातून पुढे ११ मार्च १८८६ रोजी आपल्या आनंदीबाई जोशी एम.डी. झाल्या. म्हणजे वैद्यकाचं दार स्त्रियांसाठी किलकिलं झालं होतं. पण किलकिलं दार प्रत्येक गावात नव्हतं, आणि लुसीबाई जिथे उभ्या होत्या तिथलं दार बंद होतं.

त्याच कॉलेजात चार्ल्स क्लीव्हलंड नावाचे एक प्राध्यापक होते. कॉलेजने नकार दिला तरी त्यांनी लुसीबाईंना खासगीत शिकवायला सुरुवात केली. शिकवता शिकवता त्यांनी एक सल्लाही दिला, की वैद्यकाऐवजी दातांच्या कामाचा विचार करून पाहा. लुसीबाईंनी तो मनावर घेतला.

दातांचं काम तेव्हा कसं होतं?

हे समजल्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळणार नाही. जगातलं पहिलं दंत महाविद्यालय १८४० मध्ये बाल्टिमोरला निघालं. दुसरं १८४५ मध्ये सिनसिनाटीला, ओहायो कॉलेज ऑफ डेंटल सर्जरी. म्हणजे लुसीबाई सिनसिनाटीत आल्या तेव्हा हे शिक्षणच मुळात नवं होतं. बहुतेक जण कॉलेजात न जाताच दंतवैद्य होत. एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली उमेदवारी करायची, हात बसला की आपली पाटी लावायची. सुताराचा मुलगा रंधा धरायला शिकतो तसं. पदवी असलीच पाहिजे असा कायदा तेव्हा नव्हता.

स्त्रिया हे काम अजिबात करत नव्हत्या असंही नाही. कनेक्टिकट राज्यात एमेलिन रॉबर्ट्स जोन्स या बाई १८५५ पासून दातांचं काम करत होत्या. त्यांचे पती दंतवैद्य होते आणि त्यांच्याच दवाखान्यात त्या हे काम शिकल्या होत्या. घरात दवाखाना असलेल्या बाईला वाट सापडत होती. जिच्या घरात नाही, तिने काय करायचं? लुसीबाईंपुढे हाच प्रश्न होता.

मग आजच्या विशेष शाखांचं काय? हिरड्यांची वेगळी शाखा तर कोणाच्या मनातही नव्हती. दात हलायला लागला, हिरडीतून पू यायला लागला, ज्याला आपण पायोरिया म्हणतो, की दात काढून टाकायचा, हाच सर्रास उपाय. हार्टफर्ड गावात जॉन रिग्ज नावाचे एक दंतवैद्य मात्र वेगळं म्हणत होते. दातांवरचं, हिरडीखाली साचलेलं कीटण नीट खरवडून काढलं तर दात वाचतो, हे ते रुग्णांवर करून दाखवत. हे तेच रिग्ज, ज्यांनी १८४४ मध्ये होरेस वेल्स यांना नायट्रस ऑक्साइड म्हणजे हसवणारा वायू दिल्यावर त्यांची दाढ काढली होती. पुढे अमेरिकेत बरीच वर्षं हिरड्यांच्या या आजाराला रिग्ज यांच्याच नावाने ओळखत. पण लुसीबाई सिनसिनाटीत दारोदार फिरत होत्या तेव्हा असं काम करणारे लोक बोटांवर मोजण्याइतके होते.

उमेदवारी

लुसीबाईंनी शहरातल्या दंतवैद्यांकडे जाऊन उमेदवार म्हणून घ्याल का असं विचारायला सुरुवात केली. एकामागून एक नकार. शेवटी एका दाराशी वेगळं उत्तर मिळालं. डॉ. जोनाथन टॅफ्ट हे ओहायो कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीचे डीन होते. त्यांनी लुसीबाईंना आपल्या दवाखान्यात सुमारे तीन महिने शिकवलं. त्यानंतर डॉ. सॅम्युअल वॉर्डल यांनी त्यांना रीतसर उमेदवार म्हणून घेतलं. वॉर्डल स्वतः त्याच कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले होते.

दिवसा दवाखान्यात शिकायचं आणि रात्री शिवणकाम करायचं, असा त्यांचा दिनक्रम. खोलीचं भाडं आणि जेवण त्या सुईदोऱ्यावर चालत होतं. लहानपणी शिकलेली कला कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही, हे आपण मुलांना नेहमी सांगतो. लुसीबाईंच्या बाबतीत ते अक्षरशः खरं ठरलं. बारीक टाका घालणारा हात दाताच्या बारीक कामालाही उपयोगी पडला असेल, असं मला आपलं वाटतं.

दुसरा अर्ज, दुसरा नकार

मार्च १८६१ मध्ये उमेदवारी पूर्ण करून लुसीबाईंनी ओहायो कॉलेज ऑफ डेंटल सर्जरीत प्रवेशासाठी अर्ज केला. शिकवणारे गुरू त्याच कॉलेजचे, उमेदवारी त्याच कॉलेजच्या पदवीधराकडे. तरीही कॉलेजचं उत्तर आलं, स्त्रियांना प्रवेश नाही.

शिक्षकांनो, इथे मला टॅफ्ट यांच्याविषयी थोडं बोलायचं आहे. ते डीन होते. आपल्या दवाखान्यात त्यांनी या बाईला शिकवलं, पण कॉलेजात तिला जागा मिळाली नाही. हे वाचून तुम्हाला राग येईल, मलाही आला होता. पण जरा आपल्याकडे वळून पाहा. एखादं मूल हुशार आहे हे आपल्याला दिसतं, पण कागद अपुरे असतात, वय बसत नाही, तुकडी भरलेली असते. आपण शाळेत असतो, पण शाळा म्हणजे आपण एकटे नसतो. अशा वेळी दोन रस्ते असतात. नियम नाही म्हणतो म्हणून आपणही पाठ फिरवायची, किंवा आपल्या हातात जेवढं आहे तेवढं त्या मुलाला द्यायचं. टॅफ्ट यांनी दुसरा रस्ता धरला. तो पुरेसा होता का? नव्हता. पण त्या तीन महिन्यांमुळेच लुसीबाईंच्या हातात पहिल्यांदा हे काम आलं.

स्वतःची पाटी

कॉलेजने नाही म्हटलं, तेव्हा लुसीबाईंचं वय अठ्ठावीस होतं. त्यांनी घरी परतण्याऐवजी १८६१ च्या वसंतात सिनसिनाटीतच स्वतःचा दवाखाना उघडला. आणि त्याच एप्रिलमध्ये अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. शहरातलं सगळं विस्कळीत झालं. मग त्यांनी पश्चिमेची वाट धरली. आयोवा राज्यात आधी बेलव्ह्यू आणि नंतर, १८६२ मध्ये, मॅकग्रेगर. दोन्ही मिसिसिपी नदीकाठची गावं.

कल्पना करा. नदीवर आगबोटी लागतात, धान्याच्या गाड्या येतात, गावात व्यापारी, शेतकरी, हमाल. अशा गावात एक अविवाहित बाई येते आणि दात काढण्याचा, दात भरण्याचा दवाखाना थाटते. लोक आधी बघायलाच आले असतील. पण दाढ दुखायला लागली की माणूस समोर बाई आहे की बुवा हे फार वेळ बघत नाही. कळ थांबवणारा हात त्याला हवा असतो. मॅकग्रेगरमध्ये लुसीबाईंचा जम बसला. तीन वर्षं त्यांनी तिथे काम केलं, नाव मिळवलं, पैसाही साठवला.

कायद्याने पदवीची गरज नव्हती. पोट भरत होतं, मान मिळत होता. मग पुन्हा अर्ज कशाला? हा प्रश्न मी वर्गात विचारला तर मुलं नक्की दोन गटांत वाटली जातील. माझं उत्तर असं, की पदवी नसेल तोवर लुसीबाई म्हणजे एक अपवाद होत्या, गावातली एक नवलाची बाई. पदवी मिळाली तर त्यांच्या मागून येणाऱ्या मुलीला दाखवायला एक कागद झाला असता. आमच्याकडे स्त्रियांना देत नाही, असं कोणालाही परत म्हणता आलं नसतं.

आयोवाची सभा

१८६३ मध्ये आयोवा राज्यातल्या दंतवैद्यांनी आपली संघटना स्थापन केली होती. जुलै १८६५ मध्ये त्या संघटनेने लुसी हॉब्स यांना सभासद करून घेतलं. राज्य पातळीवरच्या दंतवैद्यांच्या संघटनेत सभासद होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. चार वर्षं ज्यांच्या बरोबरीने काम केलं, त्या पुरुष दंतवैद्यांनी त्यांना आपल्यातली मानलं. एवढ्यावरच ते थांबले नाहीत. आपल्या या सहकारी बाईला कॉलेजात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी आपलं वजन तिच्या पारड्यात टाकलं.

नोव्हेंबर १८६५ मध्ये सिनसिनाटीच्या त्याच कॉलेजाने, ज्याने साडेचार वर्षांपूर्वी नकार दिला होता, लुसीबाईंना थेट वरच्या वर्गात प्रवेश दिला. त्यांनी केलेली इतक्या वर्षांची प्रॅक्टिस शिक्षणात धरली गेली, त्यामुळे व्याख्यानांचं एकच सत्र त्यांना करावं लागलं. २१ फेब्रुवारी १८६६ रोजी लुसी हॉब्स यांना डॉक्टर ऑफ डेंटल सर्जरी ही पदवी मिळाली.

तारखा नीट पाहा. शिक्षण आधी झालं, अनुभव नंतर आला, समव्यावसायिकांचा विश्वास त्यानंतर, आणि प्रवेश सगळ्यात शेवटी. आपल्याला वाटतं प्रवेश मिळाला की शिक्षण सुरू होतं. लुसीबाईंच्या आयुष्यात ही साखळी बरोबर उलटी झाली.

पालकांनो, आणखी एक गोष्ट. प्रयत्न करत राहा, यश मिळतंच, असं आपण मुलांना सहज सांगून टाकतो. ते अर्धंच खरं आहे. लुसीबाईंनी नुसते अर्जावर अर्ज केले असते तर बहुधा नकारावर नकारच आले असते. दार उघडलं ते कष्ट आणि पाठीशी उभी राहिलेली माणसं, या दोन्हींमुळे. क्लीव्हलंड, टॅफ्ट, वॉर्डल आणि आयोवातले ते सगळे दंतवैद्य. म्हणून आपल्या मुलाला फक्त जिद्द धर असं सांगू नका. त्याच्या कामाला ओळखणारी माणसं त्याला कुठे भेटतील, याचीही थोडी काळजी घ्या.

संसार आणि लॉरेन्सचा दवाखाना

पदवीनंतर लुसीबाई शिकागोला गेल्या आणि तिथे प्रॅक्टिस सुरू केली. एप्रिल १८६७ मध्ये जेम्स टेलर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. जेम्स युद्धातून परतलेले सैनिक, रेल्वेत देखभालीचं काम करणारे. लग्नानंतर काय झालं असेल? नवऱ्याने बायकोला काम सोडायला लावलं असेल, असं मुलं चटकन म्हणतील. झालं उलटंच. लुसीबाईंनी नवऱ्याला दातांचं काम शिकवलं. ते त्यांच्याच हाताखाली तयार झाले. दहा वर्षं वर्गात शिकवलेली बाई, शिकवायची सवय जाणार कशी?

१८६७ च्या अखेरीस दोघं कॅन्सस राज्यातील लॉरेन्स गावी स्थायिक झाले. युद्धकाळात, ऑगस्ट १८६३ मध्ये, हल्लेखोरांनी हे गाव जाळून लुटलं होतं. आता ते पुन्हा उभं राहत होतं. अशा नव्याने उभ्या राहणाऱ्या गावात टेलर पती-पत्नींनी दवाखाना टाकला. लुसीबाईंकडे मुख्यतः बायका आणि मुलं येत. बघता बघता हा दवाखाना राज्यातल्या चांगल्या चालणाऱ्या दवाखान्यांपैकी एक झाला.

जवळजवळ वीस वर्षं हा संसार आणि दवाखाना एकत्र चालला. १८८६ मध्ये जेम्स यांचं निधन झालं. त्यानंतर लुसीबाईंनी काम हळूहळू कमी केलं आणि सामाजिक कामांत, स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत त्या जास्त लक्ष घालू लागल्या. ३ ऑक्टोबर १९१० रोजी लॉरेन्समध्येच त्यांचं निधन झालं. अमेरिकेतल्या स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळायला अजून दहा वर्षं होती. तो दिवस पाहायला त्या नव्हत्या.

त्यांच्या मागून कोण आलं?

१८६६ मध्ये एक स्त्री पदवीधर झाली. १९०० पर्यंत अमेरिकेत जवळजवळ एक हजार स्त्रिया या व्यवसायात आल्या होत्या. आज अमेरिकेतील स्त्री दंतवैद्यांची संघटना लुसी हॉब्स टेलर यांच्या नावाने पुरस्कार देते.

आता माझ्या विद्यार्थिनीच्या हिरड्यांच्या शाखेकडे येऊ. कारण तो धागाही इथेच जुळतो. टॅफ्ट पुढे मिशिगन विद्यापीठात गेले आणि १८७५ मध्ये तिथे सुरू झालेल्या दंत महाविद्यालयाचे पहिले डीन झाले. त्याच विद्यापीठात पुढे ग्रेस रॉजर्स स्पॉल्डिंग नावाची मुलगी शिकून दंतवैद्य झाली. इकडे ओहायोतच शिकलेल्या जिलेट हेडन या दुसऱ्या स्त्री दंतवैद्य. दोघींनीही हिरड्यांच्या आजारांनाच वाहून घेतलं. दात काढण्यापेक्षा हिरडी सांभाळून दात वाचवायचा, हा त्यांचा ध्यास. १९१४ मध्ये, लुसीबाई गेल्यानंतर चारच वर्षांनी, या दोघींनी पुढाकार घेऊन हिरड्यांच्या विकारांवर काम करणाऱ्या दंतवैद्यांची अमेरिकेतली संघटना स्थापन केली. तीच आजची अमेरिकन अकॅडमी ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजी. पुढे या विषयाचं नियतकालिक निघालं, त्याच्या संपादनाची धुराही स्पॉल्डिंग यांनी बरीच वर्षं वाहिली.

म्हणजे पाहा, ज्या व्यवसायात १८६१ मध्ये स्त्रीला साधा वर्गात बसायला प्रवेश नव्हता, त्याच व्यवसायात त्रेपन्न वर्षांनी एका संपूर्ण शाखेची मांडणी दोन स्त्रियांच्या पुढाकाराने झाली. आज आपल्याकडे बीडीएसची पाच वर्षं, मग नीट-एमडीएस, मग तीन वर्षांचं एमडीएस, अशी पायऱ्यांची आखीव वाट आहे. ती वाट अवघड आहे, जागा मोजक्या आहेत, फी ऐकून पोटात गोळा येतो, हे सगळं खरं. पण अर्जावर स्त्री आहे एवढ्या कारणासाठी तो कोणी परत पाठवत नाही. ही सोय आपोआप झालेली नाही.

त्या संध्याकाळी

गोष्ट ऐकून माझी विद्यार्थिनी म्हणाली, बाई, म्हणजे मी पण चार वर्षं थांबू का? मी म्हटलं, थांबू नकोस. लुसीबाई एक दिवसही थांबल्या नव्हत्या. कॉलेजने नाही म्हटलं, तर त्यांनी दवाखाना काढला. पुढच्या परीक्षेला वेळ आहे, तोवर एखाद्या चांगल्या हिरड्यांच्या डॉक्टरांकडे जा, काम बघ, हाताखाली राहा. गावातल्या किती लोकांच्या दातांवर कीटण साचलेलं आहे, किती जण हिरडीतून रक्त येतं म्हणून ब्रश करणंच सोडून देतात, ते बघ. शाळांमधून मुलांची दात तपासणी कर. आमच्याच शाळेपासून सुरुवात कर. पुढच्या वर्षी तू तोच फॉर्म भरशील, पण भरणारी मुलगी तीच नसेल.

आई काही बोलल्या नाहीत. निघताना मात्र त्यांनी विचारलं, तपासणी कोणत्या वारी ठेवायची? आम्ही शनिवार ठरवला, सकाळची शाळा असते म्हणून.

वर्गात घेण्यासाठी

आठवी ते दहावीच्या वर्गात हा पाठ एका तासात घेता येतो. फळ्यावर आधी फक्त तारखा लिहा आणि मुलांना मधल्या जागा भरायला सांगा.

१८३३ – जन्म
१८४९ – शिक्षिका म्हणून कामाला सुरुवात
१८५९ – सिनसिनाटीत आगमन, वैद्यकीय कॉलेजचा नकार
१८६१ – दंत महाविद्यालयाचा नकार, स्वतःचा दवाखाना
१८६५ – आयोवाच्या संघटनेत सभासदत्व, कॉलेजात प्रवेश
१८६६ – पदवी
१८६७ – विवाह, लॉरेन्सला स्थलांतर
१९१० – निधन

चर्चेसाठी प्रश्न :

१. कॉलेजने प्रवेश नाकारल्यावर लुसीबाईंचं शिकणं कुठे कुठे चालू राहिलं?
२. टॅफ्ट यांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? दोन्ही बाजू लिहा.
३. आयोवातल्या दंतवैद्यांनी साथ दिली नसती तर पुढे काय झालं असतं?
४. लुसीबाई आणि आनंदीबाई जोशी यांच्या वाटेत काय सारखं होतं, काय वेगळं होतं?
५. तुमच्या घरात कोणाला कधी प्रवेश नाकारला गेला होता का? घरच्यांना विचारून दहा ओळी लिहा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरं जरूर वाचा. आजीचं शाळेत जाणं कसं बंद झालं, आईचं बारावीनंतर कशामुळे राहिलं, हे मुलांना बहुतेक वेळा पहिल्यांदाच कळतं. आणि आपल्यालाही.